आराम बैलाले, पोळ्याले

दादाच्या उजव्या खांद्यातली शीर फाटत चालली आहे, हे मला त्यानं माझ्यासमोर हात उचलला तेव्हाच कळलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. वहिनीला नाही, डॉक्टरांना नाही, दादाला तर नाहीच. घरच्यांची समजूत अशी आहे की माझी पाहण्यात चूक झाली. भाऊ कोच असला म्हणून काय झालं, त्याले का आतलं दिसते, असं वहिनी माझी बाजू घेऊन पाहुण्यांना सांगते. मला दिसलं होतं. दिसूनही मी त्याला म्हणालो, काही झालं नाही.

एवढं लिहून मी उठलो, पाणी प्यायलो, आणि परत बसलो. आता बाकीचं.

दिग्रसला माझी जिम आहे. खाली बांगड्या-टिकल्यांचं दुकान, वर मी. पाटीवर 'फिटनेस सेंटर' असं लिहिलंय, आणि दादा अजूनही तिला 'तुही तालीम' म्हणतो. पुढे व्यायामाचा हॉल, मागे एक खोली, तिथं गॅस, पलंग आणि मी. लग्न जमता जमता राहिलं. आधी जिमचं बस्तान बसू दे म्हणालो, मग बसलं तेव्हा वय पुढे गेलं होतं, मग लोकांनी विचारायचं सोडलं. पन्नाशीला आलेल्या, पोट सपाट असलेल्या एकट्या माणसाला कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, याचं बरं आहे.

सकाळी व्यापारी आणि मास्तर लोक येतात. उन्हं वर आली की बायांची बॅच. संध्याकाळी पोलीस भरतीची पोरं, त्यांना मी मैदानावर पळवतो. सकाळच्या बॅचला एक शेठजी आहेत, जिम उघडली तेव्हापासूनचे. त्यांचा आणि माझा एकच संवाद इतकी वर्षं चालू आहे.

"सर, पोट काहून कमी नाही होऊन राह्यलं?"

"शेठजी, कचोरी सोडा."

"ते सोडून दुसरं सांगा ना."

ही माणसं मला आवडतात. मन लावून येतात, घाम गाळतात, आरशात दंड पाहतात, आणि दरवाजा ओढून घेऊन निघून जातात. त्यांच्या घरी कोणीतरी चहा टाकलेला असतो. मी मशीन पुसतो.

गावात माझं नाव आहे ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. मी लोकांना आराम करायला लावतो. बाकीचे कोच म्हणतात, अजून एक, अजून एक. मी म्हणतो, पुरे, ठेवा खाली. कोणाच्या गुडघ्यात कळ आली तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवतो. कोणी म्हणालं, सर, महिनाभर झोप नाही, तर त्याला वजनाला हात लावू देत नाही. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगतो, की अंग व्यायामात भरत नसते. व्यायामात ते उसवते. रात्री शांत झोपलात की शिवून निघते. तुम्ही नुसतेच उसवत राहिलात तर एक दिवस कापड राहणार नाही. लोकांना हे ऐकायला आवडतं. दारव्ह्याच्या एका कॉलेजात मला यावरच बोलायला बोलावलं होतं. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, तुम्ही स्वतः आराम करता का?" मी म्हणालो, "रविवारी." सगळे हसले.

रविवारी जिम बंद असते. हॉलच्या चारी भिंतींना आरसे आहेत, त्यामुळे त्या दिवशी जिकडे पाहावं तिकडे मीच. शेजारच्या घरांमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, कोणाकडे गोवऱ्यांवर रोडगे भाजायला लावलेत त्याचा धूर येतो. मी अंडी उकडतो. दुपारी आडवा होतो. डोळे मिटले की एक हात वर जाताना दिसतो, अर्ध्यावर अडखळतो, आणि पडतो. माझा आराम तो इतकाच.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील गेल्यावर त्यानं शाळा सोडली. कोरडवाहू वावर, दोन बैल, आणि कापसाचा मोसम लागला की दिग्रसच्या जिनिंगमध्ये हमाली. सरकीची पोती खांद्यावरून ट्रकमध्ये चढवायची. मी अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकायला गेलो ते त्याच्या खांद्यावरूनच, असं म्हटलं तरी चालेल. त्यानं मात्र हे कधी बोलून दाखवलं नाही. माझं अंग घडत होतं याचंच त्याला भारी कौतुक. सुटीत गावी गेलो की माझा दंड दाबून पाहायचा आणि बैलबाजारात बोलतात तसं बोलायचा. "दाताले कवळा हाय, पण खांद भरला."

जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत मी उतरलो तेव्हा तो यवतमाळला आला होता, धोतराचा सोगा खोचून. स्टेजवर जायच्या आधी अंगाला तेल लावायचं असतं. बाकीच्यांचे मित्र होते, कोच होते. मला दादानं लावलं. कापूस वेचून वेचून त्याच्या बोटांना चिरा पडलेल्या, त्या पाठीला टोचत होत्या. "पाठमोरा हो बे. इकडचा खांद राह्यला," म्हणत त्यानं मला बोटभर जागा सोडली नाही. कोणीतरी विचारलं, तुम्ही याचे कोच का? दादा म्हणाला, "कोच नाही जी, मालक हाय. पोळ्याले सजवून आणला." माझा नंबर आला नाही. दादा घरी येऊन सांगत होता की परीक्षकाले बैलातलं काही समजत नाही.

आमच्यात हा बैलाचा विनोद तेव्हापासूनचा. तो विनोद मी पुढे कसा वापरला, ते सांगतो.

जिम उघडली त्याच वर्षीची गोष्ट. दसऱ्याला उद्घाटन झालं होतं, मशीनवरचं प्लास्टिक अजून पूर्ण निघालं नव्हतं. गावाकडे माय अंथरुणावर होती. अर्धांगवायूनं तिची एक बाजू गेली होती. तिला सकाळी उचलून बसवायचं, अंग पुसायचं, संध्याकाळी परत उचलून निजवायचं. हे दादा आणि वहिनी करत. मी महिन्यातून एखाद्या वेळी जायचो, तिच्या पायांना व्यायाम द्यायचो, आणि जिमचं कारण सांगून शेवटच्या बसआधीच्या बसनं परत यायचो. खरं कारण वेगळं होतं. मायच्या खोलीचा वास मला सहन होत नव्हता. माझ्या मायचा वास. हेसुद्धा मी आधी कोणाला सांगितलेलं नाही.

दादा त्या सकाळी जिनिंगमधून सरळ जिना चढून आला. भुवयांवर, मिशांवर रुईचे तंतू. सकाळची बॅच संपली होती, तीन-चार जण चहा पीत उभे होते, त्यात ते शेठजीही. दादानं सगळ्यांना रामराम केला. मग मला म्हणाला,

"जरा खांद पाह्य ना माहा. सरकीचं पोतं घेतलं का आतून चमक निघते. त्या कुशीवर झोपता येत नाही."

"हात वर कर."

त्यानं केला. आधी अख्खा खांदा कानाकडे चढला, मग हात निघाला. छातीच्या वर आल्यावर त्यानं ओठ चावला. तरी हट्टानं वर नेला. खाली आणताना तो हात अर्ध्यातून पडला. दोरी तुटून पोहरा पडावा तसा.

अमरावतीला आमच्या सरांनी असाच एक माणूस वर्गासमोर उभा केला होता. नीट पाहून ठेवा, म्हणाले होते. खांदा आधी उचलला जातो, उतरताना हात पडतो, रात्री त्या कुशीवर निजवत नाही. एवढं दिसलं की भार बंद, व्यायाम बंद, पहिले डॉक्टर. मी ते पाहून ठेवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

दादा म्हणाला, "यवतमाळले डॉक्टरले दाखवू का? तू म्हनशीन तर यंदाचा मोसम बसतो घरी, हात गळ्यात बांधून. पन मंग तुले यावं लागन बाप्पा गावाकडे, दोन-तीन महिने. मायले उचलनं तुह्या वयनीच्यानं एकटीच्यानं होत नाही. अन् वावरात कापूस फुटून राह्यला."

त्यानं सगळं सरळ समोर ठेवलं होतं. मी काय सांगतो त्यावर तो चालणार होता. मला नवी मशीनं दिसली. बस स्टँडकडची दुसरी जिम दिसली, माझी बंद पडली की हे चहा पिणारे तिकडे जातील हे दिसलं. मायची खोली दिसली. यातलं काहीच विचार करून झालं नाही, हे मी स्वतःला बरेचदा समजावलं आहे. पण झालं ते विचार करूनच. विचार लहान होता, इतकंच.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आराम? आराम बैलाले असते दादा, पोळ्याले!"

शेठजींच्या हातातला चहा सांडला, इतके ते हसले. बाकीचेही हसले. सगळ्यात जास्त दादा हसला. "हे बरं सांगतलं," म्हणाला.

मग मी माझा कोचचा आवाज काढला. "काही झालं नाही. जखडला हाय नुसता. रोज सकाळी आंगनातल्या निंबाच्या फांदीले लटकत जाय. मोकळा होईन."

"किती वेळ लटकू?"

"जमन तेवढं."

तो जिना उतरायला लागला. कठडा त्यानं डाव्या हातानं धरला होता. मधेच थांबून वर पाहून म्हणाला, "चाल, डॉक्टरचा हेलपाटा वाचला." मी त्याच्या खांद्याला हातही लावला नव्हता. लावला असता तर शीर फाटलेल्या जागचा खड्डा बोटांना लागला असता, आणि मग कदाचित मला खोटं बोलता आलं नसतं.

दादानं माझं ऐकलं. त्यानं माझं नेहमीच ऐकलं आहे. पहाटे मायचं आवरून, जिनिंगला निघायच्या आधी तो अंगणातल्या निंबाला लटकायचा. फांदी हाताला खुपते म्हणून तिथं पोत्याचा तुकडा गुंडाळला. शेजारची पोरं 'वांदर, वांदर' करत गोळा व्हायची. दादा लटकल्या लटकल्या त्यांना दात दाखवायचा. दात त्यानं कशासाठी आवळले होते ते पोरांना काय माहीत. घामानं भिजून जायचा, वहिनी सांगते, थंडीच्या दिवसांत.

त्याचा एकदा फोन आला. "तुह्या औषधानं जबर झोंबते बाप्पा. पन झोंबलं म्हंजे लागू पडून राह्यलं, नाही का?"

मी म्हणालो, "हो. पहिले पहिले दुखते."

तेव्हा थांबवता आलं असतं. 'दादा, सोड ते, डॉक्टरकडे जाऊ' इतकंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणालो असतो तर आधी तसं का म्हणालो नाही, हे सांगावं लागलं असतं. पहिलं खोटं मी गावाला जावं लागू नये म्हणून बोललो. दुसरं, पहिलं उघडं पडू नये म्हणून. माझ्या जागी कोणी निगरगट्ट माणूस असता तर त्याला निदान झोप तरी लागली असती.

संक्रांतीच्या सुमारास तो फांदीवरून एकदम खाली आला. वहिनी चुलीपाशी होती, तिला तिथवर आवाज ऐकू आला. कापसाची ओली पऱ्हाटी मोडावी तसा, म्हणते ती. दादा बराच वेळ निंबाखाली बसून राहिला, मग उठून कामावर गेला. उरलेला मोसम त्यानं डाव्या खांद्यावर काढला. भाऊ म्हणाला होता ना, पहिले पहिले दुखते.

होळीच्या आसपास वहिनीनं मला फोन केला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "भाऊजी, त्याईच्यानं सदऱ्याची बटनं लावनं होत नाही. मी लावून देतो आता." मी जिम बंद केली आणि दादाला घेऊन यवतमाळला गेलो. जे मी दिवाळीच्या आधी करायला हवं होतं ते.

डॉक्टर तरुण होते. फोटो काढून झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. शीर पूर्ण तुटली आहे आणि आत आखडून गेली आहे, म्हणाले. ऑपरेशन करता येईल, पण हात पूर्ण वर जाईल असं आता सांगता येत नाही. "दुखायला लागलं तेव्हाच भार बंद केला असता तर गोष्ट वेगळी होती." मग त्यांनी विचारलं, "लटकायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. टेबलाखाली दादाच्या डाव्या हातानं माझा गुडघा दाबला.

"कोनं नाही साहेब," दादा म्हणाला. "माहंच डोकं. गावचा मानूस हाय, पाह्यलं असन कुठी, लटकलो."

"असं परस्पर करत जाऊ नका," डॉक्टर त्याला रागावले. चांगलेच रागावले. दादा मान खाली घालून हो जी, हो जी करत राहिला. मी भिंतीवरचं हाडांचं चित्र पाहत बसलो.

बाहेर आल्यावर टपरीवर चहा घेतला. दादानं कप डाव्या हातात धरला होता. म्हणाला, "तुह्या धंद्याचं नाव कायले खराब करा? चुकते मानूस."

त्या दिवसापासून मी या दोन शब्दांखाली राहतो. चुकते मानूस. माझ्या हातून चूक झाली असं समजून त्यानं ती झाकली, आणि परक्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या. ती चूक नव्हतीच. त्याला हे माहीत नाही.

ऑपरेशन त्यानं करून घेतलं नाही. मायले कोन पाहीन, म्हणाला. मी पाहतो असं मी म्हणालो, पण ते म्हणण्याची वेळ निघून गेली होती आणि आम्हा दोघांनाही ते समजत होतं. पुढच्या पावसाळ्यात माय गेली. तोवर तिला उचलायचं काम दादा डाव्या हातानं आणि वहिनीच्या आधारानं करत होता. तिरडी उचलताना रिवाजाप्रमाणे तो उजवा खांदा द्यायला पुढे उभा राहिला, आणि मग मुकाट्यानं बाजू बदलून डावा खांदा दिला. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. मी त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो.

आराम करा, असं मी लोकांना सांगायला लागलो ते त्यानंतर. लोकांना वाटतं हे माझं अनुभवाचं शहाणपण आहे. कोणाचा हात वर जाताना जरा अडखळला तरी मी वजन काढून घेतो, माणूस चिडला तरी ऐकत नाही. एका मास्तरांना मी जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं, नुसतं आखडलं होतं. ते घरी जाऊन म्हणाले असतील, काय काळजी घेतो हा माणूस. अशी कौतुकं घेऊन मी मागच्या खोलीत येतो, आणि ती कुठे ठेवावी ते कळत नाही.

शरीराचं मला थोडंफार समजतं. भार किती पेलावा, कुठं थांबावं, दुखण्यातलं कामाचं दुखणं कोणतं आणि इशाऱ्याचं कोणतं. हे शिकवता येतं. पण समोरच्याचं दुखणं दिसल्यावर ते दिसलं असं म्हणायला लागतं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दादानंच शिकवलं होतं. त्याच्या बैलाचा खांद जरा सोलवटला तरी तो जू काढून ठेवायचा, पेरणी अडली तरी. घरात बोंब व्हायची. "मुकं जनावर हाय," म्हणायचा, "ते का सांगन?"

दादा मुका नव्हता. त्यानं जिना चढून येऊन मला सांगितलं होतं.

माझं ते वाक्य मात्र त्यानं आपलंसं करून टाकलंय. आराम बैलाले, पोळ्याले. जिनिंगमधल्या हमालांमध्ये ते चालतं म्हणे. कोणी दमून बसलं की दुसरा ओरडतो. आता दादा हमालीला जात नाही, वावर बटाईनं दिलंय, बैलजोडी तेवढी विकली नाही, म्हातारी झालीय. कोणी विचारलं, हात कसा हाय, तर म्हणतो, "हात आराम करून राह्यला. त्याले बारमाही पोळा लागला." आणि हसतो, आणि आलेल्या माणसाला सांगतो, "हे माह्या भावाचं बोलनं हाय बरं, कोच हाय तो दिग्रसले."

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावी गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी बैलांचे खांद शेकतात. वर्षभर जू ठेवून ठेवून निबर झालेला तो भाग गरम पाण्यानं शेकायचा, मग तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं चोळायची. मग बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं. दरवर्षी दादा डाव्या हातानं करतो. यंदा तो म्हणाला, "तू लाव. एवढ्या लोकायची आंगं चोळतं, माह्या बैलाले एखांद्या वक्ती लाव."

मी बसलो. ऊन उतरलं होतं. निंब अजून तिथंच आहे. फांदीवरचं पोतं कधीचं कुजून गेलं, पण त्या जागी साल गुळगुळीत झालेली दिसते. मी पाण्याचं फडकं पिळून खांदावर ठेवलं, बैलानं कातडी थरथरवली आणि मग मान सैल सोडली. मी बोटांनी गाठी शोधत गेलो. दादा ओट्यावरून पाहत होता.

"कशी सैल सोडली पाह्य मान त्यानं," तो वहिनीला म्हणाला. "हात हाय का काय हाय याचा!"

वहिनी वाटीत तूप घालत होती. म्हणाली, "बैलाचं होते दरसाल. घरच्या बैलाचा खांद कोन शेकीन?"

ती थट्टेनं बोलली. दादानं लगेच उत्तर दिलं, "मी बैल हाओ का? आराम बैलाले, पोळ्याले," आणि दोघं हसली. दादानं हसता हसता सदऱ्याच्या गळ्यातून डावा हात आत घालून उजवा खांदा चोळला. सवयीनं. त्याला ते कळलंही नसेल.

माझे दोन्ही हात तुपा-हळदीनं माखलेले होते. कोमट होते. ओटा पाच पावलांवर होता. मी उठलो असतो आणि म्हणालो असतो, दादा, सदरा काढ, तर त्यानं काढला असता. आधी थट्टा केली असती, मग काढला असता. आणि हाताखाली तो खड्डा लागल्यावर मला बोलावंच लागलं असतं.

मी दुसऱ्या बैलाकडे वळलो.

त्याचंही झालं. दादा उठून आला, दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्या पाठीवर तशीच थाप मारून म्हणाला, "तू बी थांब ना बे. उद्या पोळा पाहून जाय. एकटा काय करतं तिकडे?"

जिम आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी जिम बंद होती. अर्धं गाव पोळ्यात, कोण येणार होतं? मी बादलीत हात धुतले. बसमध्ये खिडकीशी बसलो तेव्हा नखांत हळद तशीच होती. ती चार-पाच दिवस गेली नाही. शेठजींनी विचारलं, "सर, कोनाची हळद खेलून आले?" मी म्हणालो, बैलाची. ते त्यांना फार आवडलं.

हे वाचून कोणी म्हणेल, इतक्या वर्षांनी सांगून आता काय होणार. हात वर जाणार नाही, हे खरं आहे. माय उठून बसणार नाही. दादाला उलट त्रासच होईल, हेही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्यात मला माझा कोचचा आवाज ऐकू आला. काही झालं नाही, मोकळा होईन, तो आवाज.

दादाला मी एकच गोष्ट देणं लागतो. त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या तोंडावर, मला सांगायचं आहे की त्या दिवशी माझी चूक झाली नव्हती, मला दिसलं होतं. ते अजून दिलेलं नाही.